ब्लॅक बुक करताय? आधी शोधगंगा उघडा (लांबलचक रिव्ह्यू)

सरळ सांगते. यंदा ज्याला ब्लॅक बुक, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, करायचंय, किंवा एमएचं रिसर्च प्रोजेक्ट आहे, किंवा नवीन धोरणामुळे चौथं वर्ष ऑनर्स विथ रिसर्च घेतलंय, त्याने बाकी कुठे भटकायच्या आधी शोधगंगा उघडावी. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक पैसा लागत नाही, आणि आपल्या इथल्या विषयांवर, म्हणजे गिरणगाव, कोळीवाडे, लोकल ट्रेन, बचत गट, मराठी शाळा असल्या विषयांवर एका जागी एवढं खोल काम मला दुसरीकडे सापडलेलं नाही. पण ती वापरायची कशी हे कुणी बसवून सांगत नाही, गाइड, म्हणजे प्रोजेक्टचे मार्गदर्शक शिक्षक, म्हणतात "रिव्ह्यू ऑफ लिटरेचर (आधी झालेल्या कामाचा आढावा) लिहून आणा" आणि पोरं गूगलच्या पहिल्या पानावर जे येईल ते उचलतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. मी लालबागला राहते, आमच्या बिल्डिंगमधल्या आणि नात्यातल्या बऱ्याच पोरांना प्रोजेक्टमध्ये मदत करत आलेय, त्यामुळे त्यांचं घोडं नक्की कुठे अडतं हे जवळून बघितलंय.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शोधगंगा म्हणजे भारतातल्या विद्यापीठांमधल्या पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा. गांधीनगरला इन्फ्लिबनेट म्हणून यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, केंद्र आहे, ते हा चालवतं. २००९ मध्ये यूजीसीचे नियम आले आणि प्रबंधाची सॉफ्ट कॉपी जमा करणं सुरू झालं, तेव्हापासून साठत साठत आता लाखो प्रबंध तिथे आहेत. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, सगळ्यांचे. त्याआधी प्रबंध बघायचा म्हणजे त्या त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन कपाटातून काढून घ्यायचा आणि तिथेच बसून वाचायचा, कोल्हापूरचा प्रबंध बघायला मुंबईचा विद्यार्थी कधी जाणार? आता घरबसल्या मोबाइलवर उघडतो, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती पोरांना कळत नाही याचं मला वाईट वाटतं. शोधगंगोत्री म्हणून तिचीच जोडसाइट आहे, तिथे चालू संशोधनाचे सिनॉप्सिस, म्हणजे आराखडे, असतात, विषय ठरवताना ती बघायची, कुणी काय हातात घेतलंय ते कळतं.

आता वापरायची कशी. प्रबंध तिथे एका फाइलमध्ये नसतो, टायटल वेगळं, सर्टिफिकेट वेगळं, प्रत्येक चॅप्टरची वेगळी पीडीएफ, शेवटी बिब्लिओग्राफी आणि परिशिष्टं. पोरं पहिलं चॅप्टर उघडतात, इंट्रोडक्शन, आणि तिथून दोन परिच्छेद उचलतात. इंट्रोडक्शन हा बहुतेक प्रबंधांचा सगळ्यात पातळ भाग असतो, ते सगळं इकडून तिकडून घेतलेलं असतं. मी सांगते मागून सुरू करा. सगळ्यात आधी बिब्लिओग्राफी डाउनलोड करा. त्यात जर दप्तरखान्यातल्या फायलींचे नंबर असतील, सरकारी अहवालांची नावं आणि सालं असतील, मुलाखती दिलेल्यांची यादी असेल, तर त्या माणसाने पाय झिजवलेत असं समजायचं आणि प्रबंध पुढे वाचायचा. त्यात नुसती परीक्षेची बाजारी गाइडं, क्रमिक पुस्तकं आणि वेबसाइटच्या लिंका असतील तर तो टॅब बंद करून पुढच्या प्रबंधाकडे जायचं, पीएचडी मिळालीय म्हणजे आतलं सगळं पक्कं असं काही नसतं. बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात हे खरं, पण सगळे तपासणारे सारखे बारकाईने तपासत नाहीत आणि सगळे लिहिणारे सारखे मेहनती नसतात.

बिब्लिओग्राफीनंतर मेथडॉलॉजीचं चॅप्टर. किती लोकांशी बोलले, ते कसे निवडले, कुठल्या वॉर्डात, कुठल्या साली. आणि मग परिशिष्टं, तिथे प्रश्नावली असते, मूळ तक्ते असतात, हे सोनं आहे. तुमच्या विषयाची प्रश्नावली कशी करायची याचा नमुना आयता बघायला मिळतो. आणखी एक, गाइडच्या नावावर सर्च करता येतं, एखाद्या विषयावर चांगलं काम करून घेणारे गाइड असतील तर त्यांच्या बाकी विद्यार्थ्यांचे प्रबंधही बघा, एकाच विषयाच्या आजूबाजूचं पाच-सहा जणांचं काम एकदम हाती लागतं.

चार स्टार का, पाच का नाहीत, तर सर्चमुळे. मराठी प्रबंधांची नावं कुठे देवनागरीत आहेत, कुठे इंग्रजी लिपीत आहेत, आणि इंग्रजी लिपीत "गिरणी" चं स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मनाने केलेलं असतं, त्यामुळे एकच शब्द चार तऱ्हेने टाकून बघावा लागतो. जुने मराठी प्रबंध बरेचदा स्कॅन केलेले असतात नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, मग आतला मजकूर सर्चमध्ये येतच नाही. यावर उपाय म्हणजे शब्द टाकत बसण्यापेक्षा विद्यापीठ, मग डिपार्टमेंट असं आत जाऊन यादी डोळ्याखालून घालायची. कंटाळवाणं आहे पण जे सर्चमध्ये येत नाही ते असंच सापडतं.

आता मुख्य मुद्दा, आणि यासाठीच मी लिहायला बसले. प्रबंध सापडला म्हणजे सोर्स सापडला असं होत नाही. प्रबंध तुम्हाला सोर्सपर्यंत नेतो, तिथून पुढे स्वतः जायचं.

माझी भाची बीएमएसला (मॅनेजमेंटच्या पदवीला) आहे, तिचा विषय गिरण्यांच्या जमिनी आणि तिथे झालेले मॉल. तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये वाक्य होतं की नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग म्हाडाच्या घरांना मिळाला. मी विचारलं कुठून घेतलंस, तर म्हणाली, "मावशी, सगळीकडे हेच आहे गं, चार साइटवर आहे." चार साइटवर होतं हे खरं, पण चारही जणांनी ते एकमेकांचं बघून लिहिलेलं, मूळ नियम कुणीच उघडलेला नाही. मूळ काय आहे बघा. १९९१ च्या डीसी रूल्समध्ये, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांमध्ये, ५८ नंबरचा नियम होता, त्यात गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन वाटे करायची होती, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली तो बदलला, आणि वाटणी फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची असं झालं, शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी जागा असणार किती? लालबाग-परळच्या कुणालाही विचारा, भिंतीला भिंत लागून शेड होत्या. त्यावर केस झाली, हायकोर्टाने २००५ मध्ये पर्यावरणवाल्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, २००१ चा बदल टिकला. म्हणजे "एक-तृतीयांश" हा शब्द १९९१ च्या नियमाबद्दल बरोबर, आणि प्रत्यक्षात काय मिळालं त्याबद्दल एकदम चूक. सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न होता हा, या एका वाक्यात कामगारांच्या वाट्याचं काय झालं ते सगळंच झाकलं जातं. माझ्यासारखीला, जिच्या घरातल्या मोठ्यांनी त्या शेडमध्ये पाळ्या केल्या, हे वाक्य ब्लॅक बुकात छापून जाताना बघवत नाही.

मग भाचीने काय केलं, शोधगंगेवर या विषयाचा एक प्रबंध काढला, त्याच्या बिब्लिओग्राफीत निकालाचा उल्लेख होता, तो निकाल इंडियन कानून या कोर्टाच्या निकालांच्या साइटवर फुकट आहे, तो उघडून त्यातला नियमाचा मजकूर वाचला. इंग्रजी जड आहे, पण तिला लागणारी पानं थोडीच होती. निकालात दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, आधीच्या समित्यांचा उल्लेख असतो, १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती सरकारने गिरण्यांच्या जमिनींसाठी नेमली होती तिचंही येतं. एका निकालातून तिला पुढचे पाच-सहा मूळ कागद कळले.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. पोरांना वाटतं काही सोर्स चांगले असतात आणि काही वाईट, सरकारी म्हणजे चांगला, युनियनचं पत्रक म्हणजे वाईट कारण ते एकतर्फी. असं नसतं. युनियनचं पत्रक कामगारांची मागणी काय होती यासाठी सगळ्यात पक्का सोर्स आहे, त्याच्याइतकं जवळून दुसरं कुणीच सांगू शकत नाही. किती कामगार संपावर होते यासाठी मात्र ते एकट्याने चालणार नाही, आणि मालकांच्या संघटनेचा अहवालही एकट्याने चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार असं बहुतेक ठिकाणी सापडतं, काही ठिकाणी तीन लाख. गिरण्या कुणी ५० च्या वर म्हणतं, कुणी ६०, कुणी ६५. अशा वेळी कुठला आकडा आवडला म्हणून घ्यायचा नाही, विचारायचं की बदली कामगार धरलेत का फक्त परमनंट, कुठल्या महिन्यातला आकडा, सरकारी ताब्यातल्या गिरण्या धरल्यात का. मस्टरवर नाव असलेला आणि रोज गेटवर बदलीसाठी उभा राहणारा हे दोघं मोजणाऱ्याच्या हिशोबात एकाच रकान्यात येतात का, हे माहीत असल्याशिवाय आकडा लिहू नये. आणि लिहिताना "अमुक अहवालानुसार" असं लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं.

दोन सोर्समध्ये फरक दिसला की पोरं घाबरतात, एक खरा आणि एक खोटा असणार असं धरून चालतात. बरेचदा दोन्ही खरे असतात. मुंबईची पहिली कापड गिरणी, कावसजी नानाभाई दावरांची, ताडदेवला. कुठे १८५४ सापडतं, कुठे १८५६. कंपनी काढली १८५४ मध्ये आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं १८५६ मध्ये, दोन्ही बरोबर. २६ जुलै २००५ चा पाऊस घ्या, सगळ्यांना पाठ असलेला आकडा ९४४ मिलिमीटर, तो सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला फक्त ७३ च्या आसपास. "मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला" असं लिहून तुम्ही दक्षिण मुंबईच्या व्यापाऱ्यांचं नुकसान मोजायला बसलात तर सगळा प्रोजेक्ट घसरला. लोकसंख्येचंही तेच. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई महापालिकेची लोकसंख्या १,२४,४२,३७३, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण वगैरे धरून जो महानगराचा पट्टा होतो त्याची १ कोटी ८४ लाखांच्या आसपास. साइटवर दोन्हीला "मुंबईची लोकसंख्या" च म्हणतात. वर २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे त्यानंतरचा जो आकडा दिसेल तो अंदाज आहे, कुणाचा अंदाज ते शोधायचं. पर कॅपिटा, म्हणजे दरडोई आकडा, काढताना खाली कुठला आकडा घेतला यावर उत्तर दीडपट बदलतं, मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) विचारलं तर काय सांगणार?

एखादी साइट भरवशाची आहे का हे ती साइट वाचत बसून कळत नाही हेही सांगून ठेवते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर काम केलं होतं, इतिहासात पीएचडी केलेली मंडळी, स्टॅनफर्डचेच विद्यार्थी आणि पेशाने फॅक्ट-चेकर असलेले लोक, तिघांना अनोळखी साइट बघायला दिल्या. इतिहासवाले आणि विद्यार्थी साइटच्या आत वाचत राहिले, लोगो, डिझाइन, भाषा बघून फसले. फॅक्ट-चेकर लगेच बाहेर पडले, नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघितलं, आणि सगळ्यात लवकर, सगळ्यात बरोबर उत्तर त्यांचंच आलं. आपल्याकडे नाव "संशोधन केंद्र" आणि आत रिअल इस्टेटवाल्यांचं मार्केटिंग असल्या साइट भरपूर आहेत. "अबाउट अस" वर विश्वास ठेवू नका, संस्थेचं नाव बाहेर टाकून बघा, पैसा कुणाचा, मागे माणसं कोण.

गूगल स्कॉलरबद्दल थोडंच. चांगलं आहे, मी त्याला साडेतीन देईन. एखादा पेपर सापडला की त्याच्याखाली "साइटेड बाय" असतं, त्याने तो पेपर नंतर कुणी कुणी वापरला ते कळतं, म्हणजे जुन्या पेपरपासून नव्याकडे येता येतं, आणि "ऑल व्हर्जन्स" वर क्लिक केलं की बरेचदा फुकटची कॉपी मिळते. पण तिथे आलं म्हणजे कुणी तपासून आत घेतलं असं अजिबात नाही, भुरटी जर्नल्सही त्यात तेवढ्याच डौलात दिसतात.

भुरट्या जर्नल्सवर मात्र मला बोलायचंय, कारण पोरांचे आईबापांचे पैसे जातात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतात, दोन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेटसह, फी अमुक. एका ओळखीच्या मुलीने भरले, पेपर खरंच दोन दिवसांत आला, कुणी वाचलासुद्धा नव्हता, तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं तसंच छापलं. दोन दिवसांत कुठलाही जाणकार माणूस पेपर तपासून देत नाही, महिने लागतात. त्यांच्या साइटवर जे शिक्के असतात ते नीट समजून घ्या. आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नाही, तो नियतकालिकाचा ओळख नंबर आहे, कुणालाही मिळतो. "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८" लिहिलेलं असतं, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला त्याचा आकडा, खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, बाकी कुणीही काढलेला नंबर तो नव्हे. "यूजीसी अप्रूव्हड" लिहिलेलं असतं, आता यूजीसीने स्वतःच २०१८ च्या मे महिन्यात आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली होती, मग दर्जेदार जर्नल्सची केअर यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. त्यामुळे आज कुणी तो शिक्का दाखवून पैसे मागत असेल तर त्याला काही अर्थ नाही. फुकट वाचता येणारं जर्नल चांगलं आहे का हे बघायला डीओएजे ही डिरेक्टरी आहे, २००३ पासून चालू आहे, त्यात आहे का ते बघा, आणि संपादक मंडळातल्या दोन नावांवर त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर जाऊन नजर टाका.

पैसे भरून वाचायच्या जर्नल्ससाठी वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी, आणि तेही इन्फ्लिबनेटच बघतं. तुमचं कॉलेज त्यात बसतं का हे लायब्ररीत जाऊन विचारा. नसेल तर अनपेवॉल म्हणून ब्राउझरला जोडायचं फुकटचं एक्स्टेन्शन आहे, पेपरची कायदेशीर फुकट कॉपी कुठे असेल तर ते दाखवतं.

पेपर मागे घेतला गेलाय का हेही बघायचं असतं, हे तर पोरांना ऐकूनच माहीत नसतं. लस आणि ऑटिझमचा तो पेपर, १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या मोठ्या जर्नलमध्ये आला, फक्त १२ मुलांवर केलेला, आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. मधल्या बारा वर्षांत त्याने काय नुकसान केलं ते सगळं जग जाणतं. रिट्रॅक्शन वॉच म्हणून अशा पेपरांचा डेटाबेस आहे. झोटेरो हे संदर्भ जमवायचं फुकट सॉफ्टवेअर वापरलंत तर ते त्याच डेटाबेसवरून मागे घेतलेल्या पेपरवर आपोआप खूण करतं, शिवाय शेवटी बिब्लिओग्राफी करताना रात्र जागायला लागत नाही. नक्की वापरा.

आणि एआय. चॅटबॉटला "माझ्या विषयावरचे दहा रेफरन्स दे" असं सांगू नका, हात जोडून सांगते. तो नावं देतो, लेखक खरे वाटतात, जर्नल खरं असतं, साल असतं, पान नंबर असतो, आणि असा लेख अस्तित्वातच नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असे बनावट खटले कोर्टात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला, ते तर शिकलेले वकील होते. तपासायचं सोपं आहे, लेखाचं पूर्ण नाव स्कॉलरमध्ये टाका, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख नंबर, असेल तर तो १० ने सुरू होतो, डीओआयच्या साइटवर टाकला की थेट त्या लेखाच्या पानावर जायला हवं. गेलं नाही किंवा भलत्याच लेखावर गेलं की तो रेफरन्स खोडून टाका. अवघड पॅराग्राफ समजून घ्यायला एआय वापरलात तर माझं काही म्हणणं नाही, पण मूळ पॅराग्राफ तुमच्यासमोर उघडा असू द्या.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे आणि नोंदीखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ असतात, ही फार मोलाची गोष्ट. फक्त खंड कधीचा आहे ते बघा, सुरुवातीचे खंड सत्तरच्या दशकातले आहेत, एखाद्या उद्योगावरची माहिती तेव्हाची असणार. संकल्पना आणि इतिहासासाठी बिनधास्त वापरा, आजच्या आकड्यांसाठी नको. विकिपीडियाला पोरं घाबरतात कारण गाइड ओरडतात, पण खालच्या तळटिपा बघायला कुणाचीच ना नसावी, मूळ कागद तिथूनच सापडतो, विकिपीडिया लिहू नका, तो कागद उघडून तो लिहा.

आता घराबाहेर पडा. आपण मुंबईत राहतो याचा केवढा फायदा आहे हे बाहेरगावच्या विद्यार्थ्याला विचारा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा दप्तरखाना आहे, १८२१ पासूनचा, मुंबई सरकारच्या खात्यांच्या मूळ फायली तिथे. १८९६ च्या प्लेगवर लिहायचंय, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रुग्ण ओळखला तिथपासूनचं, तर त्या वेळच्या सरकारचा पत्रव्यवहार याच शहरात आहे आणि आपण ब्लॉगवरून उचलतो. पेशवे दप्तर मात्र पुण्याला, त्यासाठी इथे फेरी मारू नका. टाउन हॉलला एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, १८०४ ची संस्था, तिथली जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं ग्रंथ संजीवनी या साइटवरही टाकलीयेत. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, संस्था १८९८ ची, जुन्या मराठी नियतकालिकांसाठी तिथे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे ग्रंथपालांशी बोला, कॅटलॉगमध्ये दोन तास घालवून जे सापडत नाही ते त्यांना विषय नीट सांगितला की सापडतं, ही माणसं विषय ऐकून स्वतः खुश होतात.

मुंबईचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला शहराचा माहितीग्रंथ, १९०९-१० चे तीन खंड, इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर फुकट आहेत. रस्ता कधी झाला, तलाव कधी बुजवला, बाजार कुठे भरायचा यासाठी उत्तम. जातीजमातींबद्दल जे लिहिलंय ते मात्र त्या वेळच्या साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे, ते "असे लोक होते" म्हणून उतरवायचं नाही, "सरकार त्यांच्याकडे असं बघत होतं" याचा पुरावा म्हणून वापरायचं. आणि आजच्या आकड्यांसाठी, पालिकेच्या शाळा, पाणी, कचरा, तर माहितीचा अधिकार आहेच, २००५ चा कायदा, दहा रुपये फी. उत्तराला कायद्याने तीस दिवस लागू शकतात म्हणून सबमिशनच्या महिन्यात अर्ज करून उपयोग नाही. पालिकेच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रजा फाउंडेशन या संस्थेचे अहवाल असल्याच आरटीआयवर उभे असतात, त्यांचे तक्ते आधी बघा, तुमचा प्रश्न त्यांनी विचारून झाला असेल तर तुमचे दिवस वाचतील.

वेळेचं गणित असं बसवा, दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून शोधगंगा आणि बिब्लिओग्राफ्या, त्यातून मूळ कागदांची यादी, आणि कॉलेज उघडल्या उघडल्या दप्तरखाना आणि लायब्रऱ्या. तिथे जायच्या आधी कॉलेजकडून पत्र घ्या, लेटरहेडवर, गाइडची सही आणि शिक्का, आणि त्यात विषय मोघम लिहून आणू नका. "गिरण्यांचा अभ्यास" असं असेल तर समोरचा माणूस काय काढून देणार, "परळमधील गिरण्यांच्या जमिनी, १९९१ ते २००६" असं असलं की त्याला कुठल्या खात्याच्या फायली बघायच्या ते लगेच कळतं. पत्राच्या दोन-तीन कॉपी जास्तीच्या काढा, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात.